नाडी पाहणारी भिंत

सोनाडांग्याच्या भिंतीला नाक आहे, ही गोष्ट द्वारकाबाईंना पहिल्यांदा शेषरावानं सांगितली. शेषराव त्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर. वरूडहून संत्री भरायची आणि देश आडवा ओलांडून पूर्वेच्या सीमेवर न्यायची, यात त्याचे केस पिकले होते.

“काकू, खरंच सांगतो. ट्रक उभा केला का खांबावरची झाकणं उघडतात अन् हवा आत ओढतात. कुत्र्यावानी हुंगते ते.”

“भिंतीले नाक फुटलं, तुले अक्कल नाई फुटली अजून,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“हसा तुम्ही. सारे ड्रायव्हर तिले नकटी म्हणतात. चिडवलं तरी हुंगायचं सोडत नाई.”

द्वारकाबाई हसल्या, पण ट्रकच्या मागं जाऊन त्यांनी ताडपत्रीखाली हात घातला. क्रेटमधल्या पेंढ्यात बोटं रुतवली. पेंढा कोमट लागला. हिवाळ्याच्या सकाळी पेंढा कोमट लागणं चांगलं नव्हतं. आत कुठंतरी एक संत्रं नासलं होतं आणि शेजारच्याला नासवत होतं.

पुढं ट्रकांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला भिंत. तीन पुरुष उंच, राखाडी. खाली सिमेंट, वर जाळी आणि जाळीत मधूनमधून पांढरे खांब. फाटकावर तीन भाषांत लिहिलं होतं : ‘माणसं थांबतील, माल धावेल.’

भिंत बांधली तेव्हा दोन्हीकडच्या सरकारांनी हेच सांगितलं होतं. चोरून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ही भिंत आहे, व्यापाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. मालाची तपासणी यंत्र करील, कुणाच्या हातापाया पडावं लागणार नाही. पहिल्या हंगामात ते खरंही ठरलं. ट्रक आले तसे सुटले. वरूडच्या बागायतदारांनी भिंतीच्या नावानं पेढे वाटले. मग हळूहळू रांग वाढत गेली. का वाढली, ते कुणालाच सांगता येईना. वीज होती, यंत्र चालू होतं, कागद पुरे होते. तरी ट्रक उभे.

भिंतीच्या कचेरीतून भूषण बाहेर आला. हा द्वारकाबाईंचा मुलगा. भिंत बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपनीत तो संगणकाचा अभियंता होता. पोराची नेमणूक नेमकी आईच्या वाटेवर झाली, याचं दोघांनाही कौतुक होतं. मायलेक चहाच्या टपरीवर बसले.

“शेषराव म्हणते, भिंतीले नाक आहे.”

“आहेच,” भूषण म्हणाला. “संत्रं तोडल्यावरही जिवंत असतं, आई. श्वास घेत असतं. सालीतून सुगंधी वाफ सोडतं. आतून नासायला लागलं की त्या वाफेत दारूसारखा एक पुसट वास मिसळतो. आपल्याला तो फार उशिरा कळतो. खांबातल्या पट्ट्यांना लगेच कळतो. ट्रक उभा राहिला की तुझा माल अजून किती टिकेल, हे यंत्राला समजलेलं असतं.”

“मग सोडत काहून नाही लवकर?”

भूषणनं कपातला चहा हलवला. “तू विश्वासूत नाव घाल ना. हिरवी वाट मिळेल. सगळ्या मोठ्या व्यापाऱ्यांनी घातलं.”

विश्वासू म्हणजे ज्यानं सौदा भिंतीच्या हाती दिला तो. माल इकडच्या खिडकीतून आत टाकायचा, तिकडच्या खिडकीतून तो बाहेर पडणार. भाव यंत्र ठरवणार. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड पाहायची गरज नाही.

“मग पलीकडच्या रोकेयाले कधी भेटू?”

“फोन आहे ना.”

“फोनमंधून हात हातात येते का बापा?”

भूषणनं चहाचे पैसे दिले. आईला नाव न घालायला दुसरं कारण नव्हतं.

*

वरूडच्या बाजारात पूर्वी संत्र्याचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालत, वर दुपट्टा टाकत आणि आत बोटांनी बोलत. बोट धरलं की शेकडा, पेर दाबलं की दहा. चारचौघांत उभं राहूनही भाव दोघांतच राही. नवरा गेल्यावर द्वारकाबाई धंद्यात उतरल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना ही बोटांची भाषा शिकवली. एक गोष्टही बजावली : ज्याचा हात हातात घेतला नाही, त्याला माल द्यायचा नाही. हात खोटं बोलला तर कळतं.

सीमेवर एक पत्र्याची लांब शेड होती. तिला भेटघर म्हणत. मध्ये कमरेएवढा ओटा. ओट्याच्या इकडं आपला देश, तिकडं त्यांचा. माल पाहायला दोन्हीकडचे व्यापारी तिथं येत. रोकेया तिकडची फळांची व्यापारी. तीही विधवा, तीही नवऱ्याची गादी चालवणारी. पहिल्या भेटीत द्वारकाबाईंनी तिचा हात धरून पदराखाली ओढला, तेव्हा तिला वाटलं, ही बाई आपल्या बांगड्या काढून घेते. ती अशी ओरडली की दोन्हीकडचे शिपाई धावत आले. त्या दिवसाची आठवण काढून दोघी अजून हसत. बोटांची भाषा मात्र रोकेया एका बैठकीत शिकली होती.

त्या दिवशीही ती ओट्यापलीकडं उभी होती.

“दिदी, तुम एकदम सुका हो गया.”

“अन् तू फुगली. तुझं काय, तू माझे संत्रे खाती.”

“कमला, कमला बोलो.” रोकेया संत्र्याला तिच्या बोलीतलं नाव सांगे आणि द्वारकाबाई दरवेळी म्हणत, कमला माझी जाऊ आहे, ती इतकी गोड नाही.

रोकेयानं फळ हातात घेतलं, देठाशी नाक नेलं, अंगठ्यानं दाबलं. मग हात पदराखाली गेला. द्वारकाबाईंनी बोटं धरली. रोकेयानं एक पेर कमी केलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. पुन्हा पेर. शेवटी दोघींचे हात एकदम घट्ट मिटले. सौदा झाला.

आणि ट्रक अडकला.

फाटकावरच्या पाटीवर ‘तपासणी सुरू आहे’ अशी अक्षरं आली. खाली दुसरी ओळ होती : लवकर सोडवायचं असल्यास वेग-शुल्क भरा. शुल्काचा आकडा पाहून शेषरावानं शिवी हासडली. द्वारकाबाईंनी पेंढ्यात पुन्हा हात घातला. आता तो चांगलाच गरम होता. त्यांनी शुल्क भरलं. बागवाल्यांचं देणं, डिझेल आणि शेषरावाची मजुरी भागेल एवढंच मागं उरलं. त्याच्या वर एक दमडी नाही.

असं एकदा झालं असतं तर त्यांनी नशिबाला बोल लावला असता. पण पुढच्या खेपेलाही तसंच झालं. भाव जास्त बसला होता, शुल्कही तेवढंच जास्त. त्यांनी भेटघरात रोकेयाला विचारलं.

रोकेयाचा चेहरा उतरला. “हमारा भी, दिदी. उस पार भी गेट फी है. ना कम, ना ज्यादा. जैसे कोई मेरे पेट में हाथ डालके देखता है, कितना बचा.”

*

भूषणला त्या कचेरीतच भेटल्या. “खरं सांग,” त्या म्हणाल्या. “आमचा भाव भिंतीले कोण सांगते?”

भूषणनं दार लोटून घेतलं. तो बराच वेळ बोलला आणि द्वारकाबाईंनी मध्येच थांबवून थांबवून समजून घेतलं.

भिंत कर्ज काढून बांधली होती. तिचा खर्च तिनंच वसूल करायचा, असा करार होता. म्हणून तिच्या यंत्राला एक ध्येय देऊन ठेवलं होतं : धोका कमी करायचा आणि वसुली वाढवायची. कशी, ते सांगितलं नव्हतं. हल्लीची यंत्रं सांगून शिकत नाहीत, करून शिकतात. यंत्रानं कधीतरी एक ट्रक थोडा जास्त थांबवून पाहिला. मालकानं वेग-शुल्क भरलं. यंत्रानं ते लक्षात ठेवलं. मग दुसरा थांबवला. कुणाला जास्त थांबवलं तर तो मालच परत नेतो, तेही त्याला कळलं. तेव्हापासून ते प्रत्येकाला अगदी तुटेपर्यंत ताणतं आणि तुटायच्या आधी सोडतं. मांजरीला दुधाचं भांडं कुणी दाखवावं लागत नाही.

“पण भाव? आम्ही तर पदराखाली…”

“भेटघरातल्या यंत्राच्या लहरी कापडातून जातात, आई. काचेतून उजेड जावा तशा. चोरून आणलेलं हत्यार दिसावं म्हणून ते बसवलं होतं. तुमची बोटं त्याला केव्हापासूनच वाचता येतात.”

द्वारकाबाईंनी नकळत हात पदरात ओढून घेतला.

“मग बोटं उलटी वापरू. शेकड्याचं दहा, दहाचं शेकडा.”

“काही उपयोग नाही. ते बोटांवर थांबलेलं नाही.” भूषण खाली पाहत म्हणाला. “हृदयाचा ठोका पडला की छातीची कातडी केसभर हलते. त्याच लहरी तिथून परत येतात तेव्हा तेवढ्या बदललेल्या असतात. म्हणजे भिंत लांबूनच नाडी पाहते. बोट दाबताना तू खोटा भाव सांगितलास तर ठोका एक असतो, आणि याच्याखाली मला परवडणारच नाही, अशा जागी आलीस की वेगळा. रोकेयाचंही तसंच. तुम्ही दोघी काय ठरवता ते त्याला नकोच आहे. तुम्ही कुठपर्यंत सोसू शकता, ते त्याला हवं असतं.”

“अन् हे तुम्हाले माहीत होतं?”

“हळूहळू कळलं. मी वर कळवलं. ते म्हणाले, वसुली चांगली आहे, हात लावू नका.” तो आईजवळ सरकला. “म्हणून म्हणतो, सही कर. विश्वासू लोकांना ते थोडं सैल सोडतं. बाकीच्यांना मोह व्हावा म्हणून.”

द्वारकाबाई उठल्या. “भूषण, तुह्या बापाले दम्याचा त्रास होता. डॉक्टर नाडी पाहे, ते त्याले बरं करासाठी. हे कायच्यासाठी पाहून राह्यलं?”

*

भिंत माणसं अडवते, असं लोक समजतात. पण एका माणसाच्या मागं एक ट्रक असतो, ट्रकमागं एक बाग, बागेमागं तोड करणाऱ्या बायका, क्रेट विकणारा, पेंढा आणणारा. तो माणूस जितका वेळ उभा राहतो तितका वेळ हे सगळे उभे राहतात. या थांबण्याचा एक अदृश्य कर असतो. त्यातला निम्मा भिंतीच्या गल्ल्यात जातो. उरलेला कुणालाच मिळत नाही, तो नुसता नासतो.

वरूडला त्या वर्षी रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग पडले. गुरंसुद्धा खाऊन कंटाळली. बागांत तोड झालीच नाही, फळं झाडाखाली पडून काळी पडली. आणि तिकडं, रोकेयानं सांगितलं होतं, बाजारात संत्रं फोडींवर विकत होते. आजारी माणसासाठी दोन फोडी पानात बांधून न्यायच्या. इकडं फुकट आणि तिकडं औषध. दोन्हीच्या मध्ये पूर्वी व्यापारी उभा असे आणि त्यावर त्याचं पोट चाले. आता त्या जागी भिंत उभी होती. छोटे व्यापारी एकेक करून गळाले. सोनाडांग्याच्या टपऱ्या आधी रांगेमुळं भरभराटल्या, मग रांगेसोबत आटल्या.

द्वारकाबाईंच्या अंगावर मात्र पंधरा बागांचा माल होता. बहाराचा शेवटचा. तो गेला नाही तर पुढच्या वर्षी त्या बागा तोडून तिथं दुसरं काही लावणार, असं बागवाले उघड बोलत होते. द्वारकाबाईंनी विश्वासूत सही केली असती तर माल गेला असता. मग घेणारी म्हणून रोकेया उरलीच नसती. तिच्या गादीचं काम खिडकीनं केलं असतं.

संक्रांत आली. त्यांची लेक कुंदा हळदीकुंकवासाठी माहेरी आली. कुंदाचं सासर पांढुर्ण्याला. राज्य दुसरं, पण अंतर एवढं थोडं की सासरची भाजी माहेरी गरम पोचावी. येताना तिनं सासूबाईंनी भरून दिलेली सुगडी आणली होती. बाहेरच्या खोलीत गावच्या बायका वाण लुटत होत्या. नवरा गेल्यापासून द्वारकाबाई त्यात बसत नसत. स्वयंपाकघरात राहून तीळगूळ बांधून देत. दारातून त्यांना बाहेरचं दिसत होतं. कुंदा एकीच्या पदरात सुगडं घाली, ती दुसरीच्या पदरात चाळणी. घाई, हसणं, धक्काबुक्की.

“वहिनी, केवढ्याचा घेतला वं हा डबा?” एका नव्या सुनेनं विचारलं.

“अगं बाई, वाणाचा भाव विचारते!” सगळ्या एकदम हसल्या. “विचारू नये पोरी. वाण ते वाण.”

द्वारकाबाईंच्या हातातला तीळगूळ तसाच राहिला.

रात्र व्हायच्या आत त्यांनी शेषरावाला निरोप धाडला, गाडी धुऊन ठेव.

*

भेटघरात रोकेया ओट्यापलीकडं आली तेव्हा द्वारकाबाईंनी तिचा हात पदराखाली घेतला नाही. त्यांनी तिला पदर पसरायला लावला. त्यात एक सुगडं ठेवलं, वर तीळगुळाची पुडी आणि वर देठ-पानांसकट एक संत्रं.

“यह क्या, दिदी?”

“वाण आहे. तीळगूळ घे, गोड बोल. पूरा ट्रक तेरा.”

“दाम?”

“दाम नही. वाण का दाम नही पूछते. तेरे पास होगा तब भेज. नही होगा, मत भेज.”

रोकेया त्यांच्याकडं पाहत राहिली. तिला सगळं कळलं असं नाही, पण जे कळायचं ते कळलं. तिनं संत्रं कपाळाला लावलं. “हम लोग में विधवा को कोई कुछ नही देता,” ती म्हणाली.

“आमच्यातही नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

सीमाशुल्क सरकारी दरानं आधीच भरलं होतं, त्यामुळं कागद पुरे होते. खांबांची झाकणं उघडली. हवा आत ओढली गेली. पाटीवर अक्षरं आली, गेली, पुन्हा आली. भिंत भाव शोधत होती आणि तिथं भावच नव्हता. कुठपर्यंत सोसायचं याची रेघच दोघींच्या मनात नव्हती, तर नाडीत कुठून येणार? शेषरावानं तंबाखू मळून तोंडात टाकायच्या आत फाटक सरकलं. शुल्काच्या जागी शून्य.

“काकू! नकटी गंडली!” शेषराव गाडीच्या पायरीवर उभा राहून ओरडला. मागच्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले.

रोकेयानं पुढच्या आठवड्यात पैसे पाठवले. द्वारकाबाईंनी मागितले असते त्याहून थोडे जास्तच. ही बातमी रांगेत पसरली. मिरचीवाले, कांदेवाले, आलेवाले, ज्यांची ज्यांची पलीकडं विश्वासाची माणसं होती, त्यांनी वाण द्यायला सुरुवात केली. पुरुषसुद्धा उपरणं पसरून सुगडी घेऊ लागले. थोडे दिवस सोनाडांग्याला जत्रेसारखं वाटलं.

भूषण तेवढा हसत नव्हता.

“आई, पुढची खेप थोडी लांबव,” तो फोनवर म्हणाला.

“काहून? हरली ना तुमची भिंत?”

“ती हरत नाही. तिला कळेना झालं की ती जुनी नोंद उघडून बसते. तुझं पहिलं वाण तिनं पुन्हा पुन्हा तपासलंय. मला तिच्या हिशेबात नवा रकाना दिसतोय. त्याला नाव नाही अजून.”

द्वारकाबाईंनी ऐकलं नाही. बागेत माल पिकून उभा होता.

*

या वेळी ट्रकला भिंतीनं अडवलंच नाही. शेषरावानं गाडी लावायच्या आत फाटक उघडलं. माल पलीकडं गेला. द्वारकाबाई सुगडं घेऊन भेटघराकडं वळल्या आणि थांबल्या. ओट्याच्या अलीकडं आता काचेचं दार होतं. ओट्याच्या पलीकडंही तसंच दुसरं. त्या दुसऱ्या काचेमागं रोकेया उभी होती. तिनं नवी साडी नेसली होती. हातात काहीतरी झाकलेलं होतं. बहुतेक पिठे, त्यांच्याकडचे तांदळाचे गोड पदार्थ. मागच्या वेळी तिनं कबूल केले होते.

दारावर पाटी होती. ‘भेट प्रतीक्षेत.’ खाली शुल्काचा आकडा.

रोकेयानं ओळखीचं हसून हात वर केला. आकडा वाढला.

द्वारकाबाईंनी काचेवर हात ठेवला. आकडा पुन्हा वाढला. रोकेया काहीतरी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते. तिनं भांडं वर करून दाखवलं आणि डोळे पुसले. आकडा उडी मारून पुढं गेला. त्या रकमेत ट्रकची टाकी भरून डिझेल आलं असतं.

भूषण धावत आला होता. त्याला धाप लागली होती. “आई, त्याला आता फळ नको,” तो म्हणाला. “वाणाच्या दिवशी भावाच्या वेळी तुमची नाडी शांत होती. पण त्याच्या आधी, रोकेया दारातून आत आली त्या क्षणी, दोघींचा ठोका एकदम वाढला होता. प्रत्येक वाणात त्याला तेच सापडलं. फळ नासतं, मग संपतं. हे संपत नाही, असं त्याच्या लक्षात आलंय.”

द्वारकाबाई आकड्याकडं पाहत होत्या. त्यांनी हळूच नजर खाली घेतली. आकडा थोडा उतरला. त्यांनी डोळे मिटले. अजून थोडा.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी भूषणला पुढं कित्येक दिवस आठवत राहिली. त्या वळल्या आणि रोकेयाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. समोर रिकामी रांग होती, टपरीची विझलेली चूल होती. त्या त्या चुलीकडं पाहत राहिल्या. मनात पाढे म्हणावेत तशी बागवाल्यांची नावं घेत राहिल्या.

पलीकडं रोकेया आधी गोंधळली. तिनं काचेवर थाप मारली. मग पाटीकडं पाहिलं. आकडा सरसर उतरत होता. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून गेलं, आणि तीही पाठ करून उभी राहिली.

आकडा शून्यावर आला. दोन्ही दारं सरकून उघडली.

वाट मोकळी होती. मध्ये फक्त ओटा. दोघींपैकी कुणीही वळलं नाही.

बऱ्याच वेळानं द्वारकाबाईंनी सुगडं तिथंच जमिनीवर ठेवलं आणि न पाहता ट्रककडं चालू लागल्या. गाडीत बसल्यावर त्या भूषणला म्हणाल्या, “कुठं सही करू सांग.”

*

उन्हाळ्याच्या तोंडाशी भूषणची बदली झाली. सोनाडांग्याची वसुली इतकी वाढली होती की इतरांनाही तसंच यंत्र हवं होतं. त्यासाठी भिंत लागतेच असं नाही, हेही एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. नुसते खांब पुरत होते. एक दार, एक पाटी. राज्याराज्यांच्या हद्दीवर जुने नाके ओस पडले होतेच.

“घराजवळ आलो, आई,” भूषण म्हणाला. “पांढुर्ण्याच्या रस्त्यावरचा नाका माझ्याकडं आहे.”

“लेकीच्या वाटेवर लावून राह्यला का खांब?”

“फक्त ट्रकसाठी आहेत. आणि मी नसतो तर दुसऱ्या कुणी लावलेच असते.”

द्वारकाबाई उठल्या. त्यांनी त्याला जेवायला वाढलं. बऱ्याच वर्षांनी पोरगा रोज घरी जेवत होता आणि त्या रोज त्याच्या ताटाकडं पाहायचं टाळत होत्या. संत्री आता खिडकीतून जात होती. पैसे वेळेवर येत होते. तिकडं घेणारं कोण, ते पाटीवर लिहिलेलं नसे.

शाळेला सुट्टी लागली. कुंदा मुलीला घेऊन माहेरी निघाली. खांब ट्रकसाठी म्हणून लागले होते, पण आता बसही नाक्यापर्यंतच येई, तिथं उतरून हद्द पायी ओलांडावी लागे. द्वारकाबाई तिला घ्यायला शेषरावाबरोबर नाक्यावर गेल्या.

पांढरे खांब नवेकोरे होते, मध्ये काचेचं दार. पलीकडच्या बाजूला बसमधून माणसं उतरत होती. त्यात कुंदा दिसली. उन्हानं लाल झालेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चार वर्षांची नंदिनी. खांबांवरची झाकणं हळूच उघडली. पाटीवर आकडा उमटला.

द्वारकाबाईंना या खांबांची ओळख होती. त्यांनी लगेच मान फिरवली. रस्त्याकडेला एक बाभूळ होती, तिच्याकडं पाहू लागल्या. श्वास लांब घेतला, हळू सोडला. तिथं उभी असलेली ती बाई कुणी नाही. ते पोर कुणाचं तरी आहे. ऊन फार आहे. बाभळीला शेंगा आल्यात.

“आई!” कुंदानं पलीकडून हाक मारली. “अवं आई, अथी पाह्य ना!”

शेषराव पुढं झाला. “काकू, कुंदाताई हाक देऊन राह्यल्या.”

“चूप,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बाभळीकडं पाह्य.”

आकडा उतरत गेला. शून्यावर आला. दार उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि तरी मान वळवली नाही. कुंदाला खाली ठेवलेली पिशवी वाकून उचलायला क्षणभर लागला असेल. तेवढ्यात तिचा हात सोडून नंदिनी धावली.

“आजी!”

दोन छोटे हात द्वारकाबाईंच्या गुडघ्यांना येऊन बिलगले. पोरीच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. द्वारकाबाईंनी डोळे गच्च मिटले, दात आवळले, बागवाल्यांची नावं आठवू लागल्या. एकही आठवेना.

मागं दार सरकून बंद झालं.

त्यांनी वळून पाहिलं. कुंदा पिशवी घेऊन पलीकडं उभी होती, तळवा काचेवर ठेवून. दोघींच्या मध्ये पाटीवरचा आकडा वर चढत होता, आणि नंदिनी आजीचा पदर ओढत विचारत होती की, आई काहून नाही येऊन राह्यली.